चित्रांमागच्या सह्या

कंपनीच्या वकिलांनी पिशवीतून चित्रांची चळत काढून न्यायाधीशांपुढे मांडली, तेव्हा चित्रकलेच्या सरांना आधी बरंच वाटलं. आपल्या पोरांची चित्रं एवढ्या निगुतीने कुणी मांडली नव्हती.

मग वकिलांनी एकेक चित्र उलटं केलं, आणि सरांच्या पायाखालची जमीन सरकली.

खटला गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या जुन्या दगडखाणीचा. कारखान्यांचा विषारी गाळ पिंपांत भरून कंपनीला तिथे पुरायचा होता, आणि खाणीच्या उतारालाच गावाचं पिण्याचं तळं. गावाची वकील म्हणजे सरांची भाची. तिच्या हाती एकच हुकमी मुद्दा होता: धोका घरोघर समजावून सांगायचा, मग हरकतींना मुदत द्यायची, असा कायदा, आणि गावाला कुणी काही सांगितलंच नाही.

इथे तर प्रत्येक चित्रामागे पालकांची सही.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी कंपनीची माणसं चित्रस्पर्धेसाठी शाळेत रंग नि कागद वाटून गेली. विषय, ‘खाणीतला गाळ’. दुसरा कुणी असता तर पोरांकडून चार डोंगर नि एक सूर्य काढून घेऊन मोकळा झाला असता. पण सरांना अर्धवट शिकवणं कधी जमलंच नाही. पोरांना खाणीवर नेऊन पिंप कसं गंजतं, पाणी दगडातून कसं झिरपतं, सगळं त्यांनी दाखवलं. "वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं काढा," म्हणाले. आणि सवयीने, "घरी समजावून सांगा, मागे सही आणा." पालकांनी शाळेच्या कागदावर ठोकतात तशी, न बघताच सही ठोकली, आणि कंपनीची माणसं चित्रं घेऊन गेली.

जेवणाच्या सुट्टीत भाचीने त्यांना जिन्याखाली गाठलं.

"मामा, हे आधी नाही सांगायचं?"

"शाळेतल्या चित्रांचं कुणी वकिलाला सांगतं का गं?"

"आता एकच वाट आहे. पोरांना काही कळलं नव्हतं, असं सांग. त्यांनाच कळलं नाही, तर ती घरी काय सांगणार?"

"खोटं बोलू?"

"नको बोलूस. तळ्याचं पाणी पी."

दुपारी सर साक्षीला उभे राहिले. वकिलांनी एका मुलीचं चित्र समोर धरलं. पिंपाच्या बुडातून निघालेली काळी रेघ दगडांच्या फटींतून वाट काढत थेट एका पेल्यात उतरली होती. पेला धरलेली बाई पोटुशी होती. उभ्या नोकरीत सरांच्या वर्गात असं चित्र निघालं नव्हतं.

"सर, यात काय दिसतं?"

सरांनी चित्राकडे न बघता सांगितलं, "रेघोट्या आहेत. लहान पोर ते, त्याला काय कळतंय."

न्यायाधीशांनी चित्र मागवून घेतलं. चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"मला तर कळलं," ते म्हणाले.

निकाल तिथेच लागला. चित्रांतून लोकांना धोका कळवला होता, असं ठरलं. हरकतीची मुदत टळून गेली होती. भाची वरच्या कोर्टाचं बोलत राहिली, पण आशा सुटलेल्या रोग्याला पुढच्या वर्षीचे बेत सांगावेत तसं.

व्हरांड्यात ती चित्रवाली पोरगी बापाचं बोट धरून उभी होती. मागच्या बाकावरून तिने सगळं ऐकलं होतं.

"सर, तुम्हाला माझं चित्र कळलं नाही?"

सर तिच्यापुढे उकिडवे बसले. "कळलं गं. तेव्हाच कळलं होतं."

"आणि न्यायाधीशांना?"

"त्यांनाही."

पोरीचा चेहरा उजळला. "मग आता नाही ना पुरणार तिथे?"

पोरांचा प्रश्न सरांनी आजवर अर्ध्यावर सोडला नव्हता. त्यांनी बापाकडे पाहिलं. तो चपलांकडे बघत होता. भाचीकडे पाहिलं. ती जिना उतरायला लागली होती.