निळं औषध फाटलं

मैथिलीच्या वहीत एकाच द्रावणाचे दोन आकडे होते. द्रावणातून वीज किती वाहते ते मोजणारं यंत्र सकाळी चार दाखवी, दुपारी चाळीस. मीठ तेच, पाण्यात स्पिरिटचं प्रमाण तेच. मीठ वाढवलं की वीज सहज वाहायला हवी, एवढी साधी गोष्ट. पण जास्त मिठाच्या नमुन्यांत आकडे वाटेल तशा उड्या मारत. तिने तारा बदलल्या, यंत्र बदललं, मीठ पुन्हा वाळवून घेतलं. शेवटी तिचे मार्गदर्शक नारायण सरांनी सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर प्रबंधातून हे प्रकरण गाळा." दोन वर्षांचं काम होतं.

रविवारी पालीच्या वरच्या वाडीतली पारूबाई मार्गासनी गावात मैथिलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या शेळीला तारेचं कुंपण लागलं होतं, म्हणून मैथिलीनेच तिला प्रयोगशाळेतलं हात धुवायचं निळं स्पिरिट दिलं होतं.

"बाई, तुमचं औशद फाटलं."

"फाटलं?"

"दूद फाटतं तसं. बगा की."

बाटलीत खाली जवळजवळ बिनरंगी पाणी, वर गडद निळा थर आणि मधे सुरीने कापल्यासारखी रेघ.

"काय घातलंत यात?"

"काय न्हाई. निस्तं मीठ, दोन मुठी. मिठाबिगर जखम कुठं धुत्यात व्हय? तुमी लई शिकल्याल्या, इसरला असाल, म्हनून म्याच घातलं."

मैथिली बाटली हलवून पाहत राहिली. गढूळ झालं आणि ठेवल्यावर पुन्हा रेघ उमटली.

"चेटूक न्हाई ना?"

"नाही हो. मिठाने पाणी आपल्याकडे ओढलं, स्पिरिट एकटं पडलं."

"आमच्या धाकल्या सुनेवानी," पारूबाई म्हणाली. "थोरलीनं समदं घर वडलं, ही बसली माळ्यावर."

हे मैथिलीने पुस्तकात वाचलं होतं. पण तिच्या द्रावणाची काचेची नळी स्टीलच्या गरम पाण्याच्या भांड्यात बुडालेली असे आणि द्रावणाला रंगच नव्हता. रेघ दिसणार कशी?

"थोडं निळं ठेवून जाल?"

"समदं घ्या. शेळी नुसती बोंबलती."

सोमवारी तिने नळी भांड्याबाहेर काढून निळा थेंब सोडला. जरा वेळाने थर वेगळे झाले. यंत्राची मोजायची कांडी वरच्या थरात धरली, चार. तळाशी नेली, चाळीस.

नारायण सर चष्मा कपाळावर सरकवून वाकले. "म्हणजे खरा आकडा कोणता?"

"दोन्ही, सर."

"बरं. प्रकरण राहू द्या." मग त्यांनी वही पुढे ओढली. "आता यातला कुठला वरचा, कुठला खालचा?"

मैथिलीने पानं उलटली. साठ-सत्तर आकडे, सगळे तिच्याच अक्षरात. कांडी कधी वरवर टेकवली होती, कधी तळाला. कुठेच नोंद नव्हती. तिला एकाही आकड्याची खात्री देता येईना.

तिने कोरं पान काढलं, एक रकाना जास्तीचा आखला आणि त्याच्या माथ्यावर लिहिलं: कांडी किती खोल.