रानजाईचा उजवा कौल

रानजाईची आण घिऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माझे उरलेले दोन दात बी पडू देत.

गोऱ्या सायबाचं राज व्हतं तवाची गोष्ट. मळवलीच्या वरल्या अंगाला ठाकरांची वाडी, आन् वाडीच्या डोक्यावर रानजाई देवीची राई. राईत ऐनाचं एक जुनं झाड, चार माणसांच्या कवेत न मावणारं. त्याच्या ढोलीत धनेसाची जोडी ऱ्हायची. धनेस म्हंजी चोचीवर पिवळं शिंग मिरवणारा पक्षी, घारीहून मोठा. उडाला की पंखांचा असा भकभकाट, की मळवलीच्या ठेसनावरला पोर्टर मालगाडी आली म्हणून बावटा घिऊन पळत सुटायचा. हसू नका. पोर्टर माझ्या मावशीच्या नात्यातला व्हता.

वाडीतल्या सारजाबाईचा त्या जोडीवर लय जीव. कोळशाच्या भट्ट्यांनी भवतालचं रान खाल्लं, तशी बाकीची धनेसं दिसंनाशी झाली. मग ती आन् तिचा थोरला भाऊ बहिरू, दोघांनी मिळून वाडीला राखणीला लावलं. पाळीपाळीनं एकेका घरानं राईत बसायचं, कुऱ्हाड आत येऊ द्यायची न्हाई. पगार न्हाई, शिधा न्हाई. बहिरू रानजाईचा भगत, देवीची पूजा आन् कौल त्याच्याच हाती. त्यानंच बहिणीला लहानपणी दावलेलं, की अंडी घालायच्या टायमाला मादी ढोलीत शिरती, दार लिंपून घेती, नुसती फट ठिवती. नर बाहीरनं उंबरं आणून भरवतो.

"नवऱ्याच्या भरवशावर भिंतीत बसलीया बघ," बहिरू म्हनायचा. "तुला जमंल का?"

"नवऱ्याच्या न्हाई. भावाच्या भरवशावर बसंन."

एका उन्हाळ्यात खंडाळ्याला कुण्या शेटचा बंगला उठत व्हता. त्याचा ठेकेदार महिपती लाकूड हुडकत वाडीत आला आन् ऐनावर हात फिरवीत उभा ऱ्हायला. मादी तवा आतच बसलेली.

"आत लेकुरवाळी हाय," सारजा म्हनाली. "हे झाड मिळायचं न्हाई."

"बाई, झाड तुजं का देवीचं?"

"देवीचं."

"मग देवीलाच इचारू की."

कौल लावायचं ठरलं. सारी वाडी जमली. बहिरूनं देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं पडलं तर झाड तोडायचं, डावं पडलं तर ठिवायचं. सारजा निवांत व्हती. देवी आपली, भगत आपला.

उजवं फूल पडलं.

वाडीचा म्हातारा येसू खाकरला. "कौल झाला. आता वरीसभर ह्योच सवाल परत इचारायचा न्हाई." माणसं घराकडं वळली. सारजा तेवढी देवीशी भांडायला मागं ऱ्हायली.

"एवढी वरसं तुजी राखण केली, आन् तू भर वाडीत मला तोंडावर पाडलंस, व्हय गं?"

बोलता बोलता तिला दिसलं. देवीच्या डाव्या खांद्यावर मुंग्यांची रांग लागलेली, आन् फूल तितंच घट्ट. तिनं बोट लावलं, जिभंवर ठिवलं. गूळ व्हता.

बहिरू बाहीर दगडावर बसून तंबाखू चोळत व्हता.

"दादा, देवीला गूळ कवापास्नं चिकटवाय लागलास?"

त्यानं मान वर केली न्हाई. "महिपती बंगल्यावर राखणदार ठिवतोय मला. पोरांना पक्कं घर मिळंल, सारजे."

"राखणदार," ती म्हनाली. "त्यो तर तू व्हतासच की."

तिनं येसूला सांगितलं, घरोघर सांगितलं. येसू म्हनाला, "भगतावर आळ घेतीस? मुंग्यांचं काय, त्या कुटंबी चढत्यात." आन् ज्यांनी पाळीपाळीनं राखण केली, त्यांनीच झाडाला दोर बांधून वढला.

ऐन आडवा झाला. ढोलीची लिंपण फुटली, आन् आतनं मादी भर्रकन बाहीर आली, राईवर एक गिरकी घेतली आन् नराच्या मागं खाली कोकणात निघून गेली.

दिवाळी आली. भाऊबीजंला बहिरू खंडाळ्याहून नवं धोतर नेसून, बहिणीला लुगडं घिऊन आला. येऊन पाटावर बसला. सारजानं ताटात दिवा लावला आन् त्याच्या म्होरनं अंगणात गेली. डोंगराआड कवळी कोर बुडत व्हती. जिला भाऊ न्हाई ती चंद्राला ओवाळती, तसं सारजानं चंद्राला ओवाळलं. कुंकू लावल्यागत बोट आभाळाकडं केलं.

बहिरू कोरड्या कपाळानं बघत ऱ्हायला. "सारजे, भाऊ हितं बसलाय."

"कोण, बंगल्याचे राखणदार व्हय? बसा. च्या टाकते."

झालं. आता दातांवर आण घेतलीया, म्हणून एक सांगून टाकते. पोर्टर खरा, गूळ बी खरा, चंद्र तर हायच. मादी तेवढी म्या उडवली, तुमी रातच्याला नीट जेवावं म्हणून. ती काय बाहीर आली न्हाई. नर लय दिस चोचीत उंबर घिऊन यायचा आन् मोकळ्या आभाळात ढोली हुडकायचा.