तलावावरचा फोटो कुणाचा?

छापखान्यात उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, तरी निवृत्तीनंतर तिच्या डोळ्यांची खोड काही जाईना. मग तिनं नवंच काम अंगावर घेतलं. हजारो लोक मिळून लिहीत असलेल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशात चढवले जाणारे फोटो ती तपासू लागली. फोटो कुणी काढला, हक्क कुणाकडे आहेत, वापरायला परवानगी आहे का? पगार शून्य, कटकटी भरपूर. घरच्यांना ही नसती उठाठेव वाटे. ती म्हणे, "दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यावी, एवढंच बघते मी."

एका सकाळी तिच्यासमोर शहरातल्या जुन्या, आता पाडून टाकलेल्या पोहण्याच्या तलावाचा कृष्णधवल फोटो आला. चढवणारीनं खाली बिनधास्त लिहिलं होतं, 'माझं स्वतःचं काम'. चढवणारी कॉलेजात शिकणारी पोर आणि फोटो तिच्या आजीच्या काळातला! शेरा मारायला म्हणून तिनं फोटो मोठा केला आणि बघतच राहिली.

काठावर, गळ्यात शिट्टी अडकवून, तिचे बाबा उभे होते.

बाबा त्या तलावावर पोहायला शिकवत. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललं होतं. घरी त्यांचे फोटो होते, पण सगळे इस्त्रीच्या कपड्यांतले, मान आखडलेले. रापलेल्या खांद्यांचे, केसांतून पाणी निथळणारे, तोंडभर हसणारे हे बाबा तिला कितीतरी वर्षांनी दिसत होते. त्यांच्या ओल्या टॉवेलचा तो उग्र, औषधी वास थेट नाकात शिरला.

तिनं मुलीला विचारलं. उत्तर लगेच आलं. "चुकलंच माझं, काकू. तलावाच्या जुन्या स्मरणिकेत सापडला. फोटोखाली नाव नव्हतं, म्हणून माझं टाकलं. लहानपणी मी तिथंच पोहायला शिकले. त्याची काहीतरी खूण राहावी असं वाटलं."

तिलाही तो फोटो राहायला हवा होता. पण फोटोत बाबा असले म्हणून नियम थोडाच बदलतो? काढणारा सापडला नाही, तर फोटो उडणार. तेव्हा घरात कॅमेरा होता तो एकट्या दादाकडे. तिनं त्याला फोटो पाठवून फोन लावला.

"दादा, हा तूच काढलास ना? परवानगी हवीय."

"नीट बघ. वरच्या फळीवर नाक दाबून उभा आहे तो कोण?"

तिनं डोळे बारीक केले. काडीसारखे पाय, बाहेर आलेल्या बरगड्या. "अगंबाई, तू!"

"मग मी एका वेळी दोन्हीकडे कसा असेन? आईनं काढलाय तो."

"काहीतरीच! आई पाण्याला घाबरायची. तलावाकडे कधी फिरकली नाही."

"एकदा आली होती. तू मावशीकडे होतीस तेव्हा. मी पहिल्यांदा वरून उडी मारणार म्हणून बाबांनी तिला ओढून आणलं. मी कॅमेरा तिच्या हातात कोंबला. म्हणाली, 'तुझ्याकडे बघायची छाती नाही माझी. मी आपली ह्यांच्याकडे बघते.' आणि दाबलं बटण. फोटो धुऊन आल्यावर बाबा विचारायचे, 'बाईसाहेब, माझे पाय कुठे ठेवलेत?' तरी स्मरणिकेला त्यांनी तोच दिला."

खरंच, बाबा घोट्यांपासून कापले गेले होते. दोघं पोट धरून हसली.

"मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"तू विचारलंस कधी?"

दादानं माळ्यावरून निगेटिव्ह शोधून काढली आणि सुनेकडून स्कॅन करून घेतली. पुढच्याच चौकटीत अर्धा तलाव होता आणि अर्धा आईचा अंगठा. घरचा मामला म्हणून तिनं निर्णय दुसऱ्या तपासनिसावर सोपवला. तो गृहस्थ महा चिकट. त्यानं उलटसुलट विचारून घेतलं, दोघा वारसांची लेखी संमती मागवली आणि मगच फोटो ठेवला. छायाचित्रकार म्हणून आईचं पूर्ण नाव लागलं. आईनं स्वतः केलेल्या कशावर तिचं नाव पहिल्यांदाच येत होतं. ती ते पुन्हा पुन्हा वाचत बसली.

मुलीचा निरोप आला, "तुमच्या बाबांबद्दल लेखात लिहू का?"

तिनं दादाला विचारलं, "बाबा भित्र्या पोरांना काय सांगायचे रे?"

"सांगायचे कसले! आधी स्वतः कपड्यांसकट उडी मारायचे. लिही म्हणावं."

"तसं नाही चालत. छापील पुरावा लागतो."

"मी आहे ना जिवंत पुरावा!" दादा म्हणाला, आणि पहिल्या उडीची गोष्ट सुरुवातीपासून सांगू लागला. तिनं त्याला थांबवलं नाही.