जिभेखालची गोळी

पांढरी, मसुरीएवढी गोळी. नलूने ती नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि आज ती समोरच उभी राहिली. पूर्वी चहा गाळायला वळायची... तेवढ्यात शरच्चंद्र गोळी जिभेखाली सरकवायचे. मग शब्दकोशामागच्या डबीत. तीन वर्षं. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर वाचलं होतं — क्वचित स्मरणशक्तीवर परिणाम. गिरगावातल्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या माणसाला तेवढी एक ओळ पुरली. कोलेस्टेरॉल वाढलं तर वाढू दे, आठवण जाता कामा नये...

मंगळवारी कपाट झाडताना तिला डबी सापडली. "हे काय हो?" एवढंच तिने विचारलं. तांब्या हातात कधी आला — नाही, आठवतं. सगळं आठवतं. तांब्याचा गार गळा, तिचं कपाळ, तो ओला आवाज, लादीवर सांडलेल्या गोळ्यांवर रक्त. भुवईला सात टाके.

मग शरच्चंद्रांच्या मेंदूचा एमआरआय. फिल्मवर पांढरे ठिपके, कुणीतरी डबी उपडी केल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, बारीक रक्तवाहिन्या चोंदल्यात. राग आवरणारा भाग उपाशी पडलाय.

"बाबा, ते तुम्ही नव्हतातच, आजार होता," दारात उभा असलेला पुष्कर म्हणाला. "तरी आई, तू चल ना माझ्याकडे अँटॉप हिलला. चार दिवस."

"आणि यांची आमटी कोण करणार, तुझा डॉक्टर? आजारी माणसाला टाकून येऊ होय रे?"

आजारी. किती सोयीचं... पण तीस वर्षांपूर्वी, ग्रंथालयातले साहेब चारचौघांत मला हसले, तेव्हा हाच हात टेबलाखाली पेपरवेटभोवती आवळला होता. तेव्हा काय चोंदलं होतं? आणि मंगळवारी, तांब्या सुटल्यावर, छाती हलकी झाली — फार हलकी. हे ऐकलं तर ती आत्ता जाईल. नाही ऐकलं तर राहील, माझ्या हाताच्या अंतरावर. सांगायला हवं. गोळी गिळली की सांगतो.

त्यांनी पाण्याबरोबर गोळी गिळली.

"आ करा. जीभ वर."

त्यांनी केली. ती वाकली, काळे टाके अगदी डोळ्यांसमोर आले.

"शहाणे आहात," ती म्हणाली, आणि हसली, पण मागे सरकून.

तेव्हा त्यांना दिसलं — पेला प्लॅस्टिकचा होता. ओट्यावर तांब्या नव्हता. अडकित्ता नव्हता, खलबत्ताही नव्हता. म्हणजे हिला ठाऊक आहे... कधीपासून? पुष्कर दारात आईची वाट पाहत होता. सांगायचं ते जिभेखालीच राहिलं. पेल्याचा काठ कचकन दुमडला. त्यांनी खाली पाहिलं. बोटं आवळत चालली होती.

माझी. माझीच बोटं.