भिंतीचे माप

आमच्या एकुलत्या एक खोलीच्या भिंतीवर ओल उमलत असे. उमलत, हाच शब्द मला योग्य वाटतो. दुपारी मशीनवर बसून तिच्याकडे पाहता पाहता माझे भान हरपे आणि कापड सुईखालून आपोआप वाहत असल्याचा भास होई. प्रथम ती तळहाताएवढी होती, मग उशीएवढी झाली, पुढे तिला बाह्या फुटल्या. धाकट्या मुलीचा खोकलाही तिच्याच सोबतीने वाढला.

घरमालकांना सतरा वेळा सांगून झाले. "बघू," एवढेच त्यांचे उत्तर. अखेर भाडे त्यांच्या हाती न देता मी तक्रारीसह सरकारी कार्यालयात जमा करू लागलो. तेथील कारकुनाने बजावले, "तपासनीसाला ओल दिसली तर दुरुस्ती होईल. नाही दिसली तर भाडं थकवलं असं धरतील, आणि खोली जाईल."

मी पेशाने शिंपी. माप घेतल्यावाचून मला काहीच खरे वाटत नाही. म्हणून दर महिन्यास मी ओलीवर खाकी कागद धरून तिच्या आकाराचा कातरीत असे व तारीख घालून पेटीत ठेवीत असे. असे सात कागद झाले.

अखेर तपासणीचा दिवस ठरला. खोली जाण्याच्या भीतीने पत्नी धास्तावेल म्हणून तिला मी केवळ "उद्या साहेब येणार" इतकेच सांगितले होते. कापड घेऊन परतलो तो भिंत पांढरीशुभ्र आणि तिचे हात चुन्याने माखलेले.

"हे काय केलंस?"

"असल्या भिंतीपुढे परक्या माणसाला बसवायचं? चार लोकांत अब्रू जाते ती तुमचीच."

"अगं, ते भिंतच बघायला येणार आहेत."

तिने चुन्याचे हात पदराला पुसले. मला रागावता आले नाही. अब्रू झाकणे हाच तर आमचा पिढीजात धंदा.

दुसऱ्या दिवशी तपासनीसांबरोबर घरमालकही आले.

"बघा, आरशासारखी भिंत. ओल आहे ती यांच्या डोक्यात."

मी कागद पसरले.

"हे काय?" तपासनीसांनी विचारले.

"ओलीचे कपडे, साहेब. दर महिन्याला जुना आखूड होतो."

"कागद काय, मीही कापीन," घरमालक हसले.

"कागदावरून मला ठरवता येत नाही," असे म्हणून तपासनीस फॉर्म भरू लागले.

इतक्यात वरच्या मजल्यावर पाणी आले. भिंतीतला नळ गुणगुणू लागला. काचेवर श्वास उमटावा तसा चुना हळूहळू करडा होत गेला, आणि बाह्या पसरून ती आमच्यात येऊन उभी राहिली.

"आली," मुलगी म्हणाली.

मी सातवा कागद भिंतीला लावला. ओल त्याच्या कडेपर्यंत आली, आणि पुढे सरकली.

"दोन बोटं वाढलीय," पत्नी पुटपुटली.

तपासनीसांनी माझ्याकडून खडू मागून घेतला, ओलीच्या कडेने स्वहस्ते रेघ ओढली व शेजारी सही केली. "दुरुस्ती होईपर्यंत भाडं कार्यालयातच भरा," ते म्हणाले. घरमालक छताकडे पाहत राहिले.

पत्नीने पाहुण्यांची खुर्ची उचलली, आणि भिंतीकडे तोंड करून मांडली.