कोपऱ्यातला चौदा हजारांचा ड्रमसेट

मी बोलतोय धाड गावच्या विमलबाईंच्या शिलाईखोलीतून. शिलाई मशीन आणि अस्तराच्या गठ्ठ्यांमध्ये कोंबलेला पाच ढोलांचा ड्रमसेट. जागा ऐसपैस आहे, फक्त हलता येत नाही.

तरुणपणी मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात होतो. तो एका थोर कलाविषयक मतभेदावरून फुटला: पंगतीत आधी कोणी बसायचं. मग बुलढाण्याच्या एका वाद्यांच्या दुकानात मी दोन वर्षं कोपऱ्यात पडलो. मालक माझ्यावर डबा ठेवून जेवायचा. एवढाच काय तो माझा उपयोग.

एके दिवशी विमलबाई लेकीला, करिष्माला, घेऊन एसटीने आल्या. वय बावन्न, तीस वर्षं ब्लाऊज शिवलेले. ड्रमसेट कोणासाठी, असं मालकाने विचारलं.

"माह्यासाठी. शिकाचा हाय मले."

मालकाला पाणी प्यावं लागलं. बाईंनी पंचवीस हजार आणलेत म्हटल्यावर मात्र तो सावरला, आणि एक लालभडक नवा संच नेमका साडेचोवीस हजारांचा निघाला. असे योग दुकानातच जुळतात. करिष्माने लगेच त्याच्यासोबत फोटोही काढला. स्टूल, पेडल, झांजा आणि काठ्या वेगळ्या घ्याव्या लागतील, हे मालकाने अगदी शेवटी, हळूच सांगितलं.

"म्हंजे ब्लाऊज शिवला, अन् बाह्यांचे पैसे येगळे?" विमलबाई म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. डबा उचलला, प्रत्येक स्क्रू फिरवून पाहिला, पेडल दाबलं. स्टूल-पेडलसकट मी चौदा हजारांना ठरलो. माझ्या झांजा तडकलेल्या, म्हणून चार हजारांच्या नव्या घेतल्या. पाचशेच्या काठ्या. उरलेले साडेसहा हजार त्यांनी रविवारच्या शिकवणीसाठी राखले. करिष्मा घरापर्यंत फुगून होती. माझ्यासोबत फोटो कोण काढणार?

घरी मोतीराम, बाईंचे यजमान. त्यांचे कान फार नाजूक. टीव्हीवर दहा माणसं एकदम भांडली तर त्यांना डुलकी लागते, पण माझा एक ठोका पडला की डोकं धरतात. महिनाभर त्यांनी लोक काय म्हणतील ते ऐकवलं. लोक ब्लाऊज शिवून घ्यायला येतच होते.

शेवटी त्यांनी गुपचूप माझा फोटो मोबाइलवर विक्रीला टाकला. बीबी गावचा एक गिऱ्हाईक अठरा हजार द्यायला तयार झाला, हजार रुपये इसारही पाठवले, आणि पिकअप घेऊन दारात उभा राहिला. पुन्हा डबा, पुन्हा कोपरा.

विमलबाई मशीनवरून उठल्या आणि स्टूलवर बसल्या. ताल दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पुरा वाजला.

"माह्या शिलाईच्या पैशाचा हाय हा," त्या शांतपणे म्हणाल्या. "इकाचं असन तं टीव्ही इका. थो बी मीच घेतला."

मोतीरामांनी इसार परत केला. गिऱ्हाईक चहा पिऊन, रिकामी गाडी घेऊन गेला.

आता मोतीराम रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून ताल मोजतात. कोणी सांगितलं नव्हतं. चारनंतर पुन्हा एक येतो, हे त्यांना पटत नाही. ते पाच म्हणतात. कधी धाडला आलात तर त्यांना एवढं समजवा. मोतीरामांचा पाच म्हणून होईस्तोवर विमलबाई काठ्या वर धरून थांबतात.