दाराआडची गादी

मित्रांनो, मी एक गगनचुंबी इमारत आहे आणि मला माझ्याच पोटाची किळस येते. खाली ऑफिसं, वर घरं. मधला एक मजला बांधणाऱ्यांनी मुद्दाम मोकळा सोडला. आग लागली तर लोकांनी तिथे येऊन थांबायचं. मी नवी होते तेव्हा या मजल्याचा मला फार अभिमान होता.

पहिली मोडकी खुर्ची ऑफिसातून आली. "दोनच दिवस ठेवतोय," तिथले साहेब म्हणाले. मग वरून सोफा उतरला, कपाट उतरलं. त्यावर कबुतरांनी संसार थाटले. विष्ठेचे थर, फुटलेली अंडी, कुबट वास. शी! ऑफिसवाले म्हणत, घाण घरवाल्यांची. घरवाले म्हणत, ऑफिसवाल्यांची. आणि दोघेही नाकाला रुमाल लावून आणखी सामान आणून टाकत.

वरच्या एका घरात चाकाच्या खुर्चीतले आजोबा राहतात. त्यांची जुनी गादी त्यांच्या मुलाने याच मजल्यावर, दाराजवळ भिंतीला टेकवून ठेवली. "बाबा, दोनच दिवस हं."

एका दुपारी खालच्या ऑफिसात तारा जळाल्या. लिफ्ट बंद पडली, जिन्यातून धूर वर चढू लागला. मुलगा बाबांना पाठीवर घेऊन माझ्या मोकळ्या मजल्याशी पोहोचला. दार बोटभर उघडलं आणि अडलं. तो जीव खाऊन धडका मारू लागला.

"कुठल्या नालायकाने काय टाकलंय इथे?"

आजोबांनी फटीतून पाहिलं. खोकत खोकत म्हणाले, "अरे, माझीच गादी आहे ती."

गादी घसरून दार आणि कपाट यांच्यामध्ये घट्ट बसली होती. अग्निशमन दलाने दार फोडलं तोवर आजोबा बेशुद्ध झाले होते. ते वाचले, पण आवाज कायमचा बसला.

मग सगळ्यांना लाज वाटली. सामान हललं, फरशी धुतली गेली. मला वाटलं, सुटले एकदाची!

परवा तोच मुलगा बाबांच्या नव्या गादीचं भलंमोठं रिकामं खोकं घेऊन तिथे आला. इकडेतिकडे बघितलं, खोकं टेकवलं आणि हात झटकून निघून गेला. या वेळी 'दोन दिवस' म्हणायचीही त्याला गरज वाटली नाही.

मित्रांनो, तुमच्याही इमारतीत असा एखादा मजला असेल. आज जाऊन त्याचं दार ढकलून बघा. ते बोटभरच उघडलं, तर शेजाऱ्यांना शिव्या देण्याआधी आत आपलं काय पडलंय ते शोधा.